विश्लेषण : जुन्या फार्गोचे पाटे काढण्याआधी… हा ट्रक कुर्ल्यात बनवणारे वालचंद हिराचंद कोण होते?

जुन्या पिकअपचे रूप तसेच ठेवायचे आणि खाली सस्पेन्शन मात्र आजचे बसवायचे, अशी हौस असणाऱ्यांना आधी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. महाराष्ट्रात सापडणारा जुना डॉज किंवा फार्गो हा बहुधा अमेरिकेहून जसाच्या तसा उतरलेला नसतो. त्यातले बरेचसे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडले. हा कारखाना सोलापूरच्या एका माणसाच्या हट्टातून उभा राहिला. त्या माणसाची ही गोष्ट, आणि तिच्यासोबत त्याच्या ट्रकचे पाटे काढावेत की नाही, याचाही विचार.

शीळफाट्याशी याचा काय संबंध?

शीळफाट्यावर चार दिशांची वाहने एकमेकांत घुसतात. कल्याणची, मुंब्रा-ठाण्याची, पनवेलकडून येणारी आणि महापेमार्गे नवी मुंबईतून निघणारी. कंटेनर, डंपर, टँकर. कडेला गोदामे, भंगारची दुकाने, वेल्डिंगवाले, कमानपाट्यांची कामे करणारे. रस्त्यावरचे खड्डे इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. मोबाइलवर हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण आत्ताही तिथल्याच कोंडीत असतील.

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला गाडीने जायचे तर ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल आणि मग बोरघाट असाच रस्ता होता. म्हणजे कुर्ल्यात तयार झालेला डॉज वा फार्गो माल भरून देशावर निघाला की त्याला शीळवरूनच जावे लागे. पुढे याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यालगत उभा राहिला. कारखाना गेला, पण तिथल्या मोकळ्या जागेला लोक अजून प्रीमियर मैदान म्हणतात. सभा, मेळावे, वाहतुकीतले बदल अशा बातम्यांत हे नाव दर काही महिन्यांनी येते. ते कुठून आले, हे विचारणारे मात्र कमी झाले आहेत.

सोलापूर ते बार्शी लाइट रेल्वे

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरचा. घराणे मूळचे गुजरातकडचे, दिगंबर जैन, पण सोलापुरात रुजलेले. घरचा व्यवसाय सावकारीचा आणि कापसाचा. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, पण पदवी झाली नाही. घरच्या व्यापारात हात घातला तर तिथेही नुकसान. घरचा धंदा सोडून हा मुलगा काय करणार, अशी चिंता घरच्यांना वाटली असेल तर त्यात नवल नाही.

त्यांनी केले ते रेल्वेचे ठेके घेणे. सोबत लक्ष्मणराव फाटक. फाटक रेल्वेत कारकून होते, त्यामुळे निविदा कशा निघतात, मोजमाप कसे होते, बिल कुठे अडते हे त्यांना माहीत. वालचंदांकडे भांडवल आणि जोखीम घेण्याची तयारी. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाचे काम त्यांच्या पहिल्या कामांपैकी. या फाटक-वालचंद कंपनीचे पुढे टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीनीकरण झाले. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिन्या ही त्या काळातली मोठी कामे. तानसा शहापूर तालुक्यात आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्याशी त्यांचा संबंध मोटारीच्या कितीतरी आधीचा. आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हा त्याच बांधकाम व्यवसायाचा वारसा.

ठेकेदारीने त्यांना पैसा दिला, आणि एक सवयही दिली. सरकारी कचेरीत खेटे घालायचे, नकार आला की दुसऱ्या दाराने जायचे, आणि काम मोठे असेल तर आधी ते अंगावर घ्यायचे, पैशाची जुळवाजुळव मग. ही सवय त्यांना शेवटपर्यंत उपयोगी पडली. तिने त्यांना अनेकदा अडचणीतही टाकले.

जहाज, साखर, विमान…

१९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक जहाज होते, युद्धात ते रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. ते विकत घेतले, नाव एसएस लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच प्रवासामुळे. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले. १९२३ मध्ये तडजोड करून काही मार्ग आणि मर्यादा मान्य कराव्या लागल्या. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर वालचंद अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले.

साखरेची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, निदान गोळ्यांमुळे. मालेगाव तालुक्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. दोन्हीकडे माळरानाची, लोकांनी हात न लावलेली जमीन घेऊन ऊस आणि कारखाना. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना रावळगावची पान पसंद आठवत असेल, तो ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने घेतला.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले होते. कारण होते मोटार कारखाना. परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि विमान कारखान्याचा विषय निघाला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली, आणि १९४१ मध्ये तिथे जोडलेले हार्लो जातीचे विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची एचएएल ती हीच. त्याच वर्षात विशाखापट्टणमला जहाजबांधणी. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी, एप्रिल १९४२ मध्ये जपानी बॉम्बहल्ला, काम ठप्प. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा पाण्यात उतरली.

म्हणजे मोटार कारखान्यासाठी निघालेल्या माणसाचा विमान कारखाना मोटारीच्या आधी झाला. गंमत वाटते, पण यात एक कडवट भाग आहे. विमाने युद्धाला हवी होती, म्हणून सरकारला तो कारखाना चालला. मोटारीच्या बाबतीत मात्र…

मोटार कारखान्याला सरकारने का अडवले?

भारतात तेव्हा मोटारी बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना शिवडीत १९२८ पासून होता, फोर्डचाही मुंबई, कोलकाता, मद्रासमध्ये कारभार होता. पेट्या जहाजातून यायच्या, इथले कामगार नट आवळायचे. इंजिनाचा ठोकळा, गिअर, ॲक्सल, पाटे, सगळे बाहेरचे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंद त्यामागे उभे राहिले. मुंबईतले बाळासाहेब खेर यांचे सरकार अनुकूल होते. पण नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला. परदेशात फोर्डशी बोलणी पुढे सरकली नाहीत. क्रायस्लरशी जमले. मालकी भारतीयांची, तंत्रज्ञान क्रायस्लरचे, असा १९४० मधला करार. आज हे साधे वाटते. तेव्हा ते साधे नव्हते.

यंत्रे आणायला डॉलर हवेत, जहाजात जागा हवी, आणि दोन्हींच्या किल्ल्या सरकारकडे. दिल्लीचे म्हणणे होते की युद्ध चालू असताना हा कारखाना निकडीचा नाही. याच काळात फोर्ड आणि जनरल मोटर्सचे भारतातले जोडणी कारखाने लष्करी वाहने तयार करत होते. सरकारच्या बाजूनेही एक मुद्दा होता, तो नाकारता येत नाही. मोटारीला लागणारे खास पोलाद, फोर्जिंग, बेअरिंग यांचे पुरवठादार देशात जवळजवळ नव्हते. पण कारखानाच नसेल तर पुरवठादार कुणासाठी उभा राहणार? वालचंदांचे उत्तर होते, आधी जोडणी करू, मग एकेक भाग इथला करत जाऊ.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो. ही सगळी क्रायस्लरचीच नावे. वेगळे विक्रेते, वेगळे बिल्ले, खालचे यंत्र बरेचसे तेच. त्यामुळे डॉज ट्रक आणि फार्गो ट्रक यांत फरक शोधणाऱ्यांना बोनेटवरच्या अक्षरांखेरीज फारसे काही सापडत नाही.

एकेक भाग इथला करत जाणे म्हणजे काय, हे पुढच्या वर्षांत दिसले. १९४९ मध्ये पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने त्यानंतर गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना राहिला. ट्रकमधले अमेरिकी पेट्रोल इंजिन जाऊन चेन्नईच्या सिम्प्सनमध्ये बनणारे पर्किन्स डिझेल आले. दुसरीकडे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली, हीच पुढे पद्मिनी आणि मुंबईची काळी-पिवळी.

हे वालचंदांनी फारसे पाहिले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कारखाने गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या भावांनी पुढे नेले.

त्यांच्या आयुष्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यांनी सुरू केले बरेच, टिकवले थोडे. विमान कारखाना सरकारकडे गेला, जहाजबांधणीही गेली, मोटारीत परवाना राजच्या संरक्षणाखाली एकच मॉडेल दशकानुदशके रेटले गेले. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो दोष ज्यांच्या हातात नंतर कारभार होता त्यांचा आणि धोरणाचा. इंजिनीअरिंग केलेल्या आमच्या पिढीला वालचंद हे नाव सांगलीच्या आणि सोलापूरच्या कॉलेजांच्या फलकावरच भेटते. कटऑफ किती लागला, यापलीकडे त्या नावाची चौकशी आम्ही कधी केली नाही.

त्या ट्रकच्या खाली नेमके काय असते?

आता खाली वाकून पाहू. डॉज-फार्गो जातीच्या ट्रकमध्ये शिडीसारखी चॅसी असते. दोन लांब पोलादी पट्ट्या, आडव्या जोडण्या. पुढे एक अखंड ॲक्सल, मागे एक अखंड ॲक्सल, आणि चारही कोपऱ्यांत पाटे. अमेरिकेतल्या डॉज पिकअपलाही १९७१ च्या मॉडेलपर्यंत पुढे हीच रचना होती, त्यामुळे कुर्ल्यात जुनाट माल बनत होता असे म्हणता येत नाही. ट्रकची रीतच ती होती.

पाटा एकाच वेळी तीन कामे करतो. भार पेलतो, ॲक्सल जागेवर धरतो, आणि पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने हादराही थोडा खातो. मोडला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. खडी-मातीच्या रस्त्यावर जास्तीचा माल भरणाऱ्या देशात याहून शहाणी रचना तेव्हा नव्हती.

त्रास कुठे होतो? पाटा भरलेल्या गाडीसाठी बनवलेला असतो. हौशी मालकाच्या पिकअपमध्ये मागे रिकामा हौदा आणि फार तर एक पिशवी. मग मागचा भाग प्रत्येक खड्ड्याला उडतो. पुढे अखंड ॲक्सल असल्याने डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही तिरके होते आणि स्टेअरिंग हातात झटका देते. शीळफाटा ते कल्याण एवढ्या अंतरातही पाठीला ते कळते.

यावर गॅरेजमध्ये तीन वाटा सुचवल्या जातात. सगळ्यात साधी म्हणजे रचना तीच ठेवून पाटे नव्याने बनवणे. पट्ट्या कमी आणि मधे जाड, टोकांकडे पातळ होत जाणाऱ्या, ज्याला पॅराबोलिक पाटा म्हणतात. सोबत नवे बुश, नवे शॅकल, किंगपिनचे काम आणि चांगले टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर. मेकॅनिक ज्याला शॉकअप म्हणतात ते. निम्म्याहून अधिक तक्रारी खरे तर झिजलेल्या बुशच्या आणि मेलेल्या शॉकअपच्या असतात, असे माझे मत आहे. साठ-सत्तर वर्षांच्या पाट्याला दोष देण्याआधी त्याच्या टोकांचे रबर पाहा.

दुसरी वाट म्हणजे पुढचा अखंड ॲक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन बसवणे. वर-खाली दोन विशबोन, मधे कॉइल स्प्रिंग. यासाठी सुमो, स्कॉर्पिओ, बोलेरो अशा चॅसीवर बांधलेल्या गाड्यांचा पुढचा भाग उचलला जातो. इथे लोक एक चूक करतात. आजच्या छोट्या मोटारीतला मॅकफर्सन स्ट्रट स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून तो बसवू म्हणतात. त्या स्ट्रटचे वरचे टोक बॉडीत उंचावर धरावे लागते, आणि ती बॉडी त्या भारासाठी बनलेली असावी लागते. फार्गोचा पत्र्याचा मडगार्ड ते काम करू शकत नाही. विशबोनचा सगळा भार चॅसीतच राहतो, म्हणून ट्रकला तो मानवतो.

तरीही चॅसीवर नवे ओझे येतेच. जुन्या पट्ट्या इंग्रजी सी अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या. पाट्याची दोन टोके लांब अंतरावर असल्याने भार वाटला जायचा, कॉइल स्प्रिंग तो एका जागी आणून ठेवते. उघडी बाजू पोलादी पट्टीने बंद करून पेटीसारखी केली नाही तर तिथे तडा जाऊ शकतो. मागे कॉइल टाकायची असेल तर आणखी काम. पाटा ॲक्सलला जागेवर धरत होता हे विसरून चालत नाही. कॉइल फक्त वर-खाली होते, ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवे धरायला वेगळे लिंक आणि पॅनहार्ड रॉड लागतात.

आणि स्टेअरिंग. चाक वर-खाली होताना सस्पेन्शनचा दांडा एका वर्तुळात फिरतो आणि स्टेअरिंगचा टाय रॉड दुसऱ्या. दोन्ही वर्तुळे जुळली नाहीत तर खड्ड्यात चाक आपोआप वळते, चालकाने काहीही न करता. ब्रेक लावताना, घाटात, भरधाव. हे वेल्डिंगच्या सफाईवरून कळत नाही, मोजावे लागते. लिफ्टवर चाक वर-खाली करून प्रत्येक इंचाला ते किती वळते हे पाहणारा मेकॅनिक मिळाला तरच ही वाट धरावी.

तिसरी वाट, जुनी बॉडी उचलून नव्या गाडीच्या चॅसीवर ठेवणे. चालवायला सगळ्यात उत्तम, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. कारण मग फार्गो उरतच नाही, त्याचा मुखवटा उरतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. जुने पाटे काढून तसेच पाटे टाकणे ही दुरुस्ती. चॅसी कापणे, दुसऱ्या गाडीची चॅसी वापरणे हा वेगळा विषय, त्यासाठी आधी आरटीओची पायरी चढायला हवी.

याहून महत्त्वाचा आहे जुलै २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचे ५ हजार. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, माल वाहणे तर दूरच.

म्हणजे हौशी मालकासमोर खरा पेच हा आहे. मागच्या रस्त्यावरून आरामात चालणारी गाडी हवी असेल आणि त्यासाठी चॅसीला हात लावला, तर व्हिंटेजचा क्रमांक हातचा जाऊ शकतो. क्रमांक हवा असेल तर पाठीला हादरे सोसावे लागतील.

मग कुर्ल्याच्या ट्रकचे मूळ स्वरूप कोणते?

हा प्रश्न ऐकायला किरकोळ, पण गाडीच्या किमतीपासून नोंदणीपर्यंत सगळे त्यावर अडते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा परदेशातून आलेल्या, राजेरजवाड्यांच्या मोटारी असाव्यात. १९४७ च्या गाडीत जवळजवळ सगळेच आयात, पुढच्या गाड्यांत इथला भाग वाढत गेलेला, मग इंजिनही वेगळ्या कंपनीचे. कारखान्यातून डिझेल इंजिनासह निघालेला फार्गो हाही मूळच. पण त्याच काळातल्या पेट्रोल गाडीत मालकाने नंतर गावच्या गॅरेजात डिझेल बसवले असेल तर तो बदल. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर वरून सारख्याच दिसतील. म्हणून असा ट्रक विकत घेताना चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि जुने नोंदणीपत्र एकमेकांशी ताडून पाहणे रंगापेक्षा आणि क्रोमपेक्षा महत्त्वाचे.

सस्पेन्शनच्या बाबतीत या कंपनीचा स्वतःचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ट्रकला चारही बाजूंनी पाटे. फियाट ११०० आणि नंतरच्या पद्मिनीला पुढे विशबोन आणि कॉइल, मागे मात्र पाटेच. आणि १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात बनलेल्या प्यूजो ३०९ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बार, पाट्याचे नावही नाही. वालचंदांनी आखलेला एकेक भाग इथला करण्याचा कार्यक्रम इथे येऊन पुन्हा परदेशी भागीदारावर टेकला. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली, कारखाना थंडावला. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

ज्यांना हा बदल करायचाच आहे त्यांनी पहिल्या वाटेने सुरुवात करावी, आणि जे काही बसवाल ते बोल्टने बसवावे, जुन्याच भोकांत. चॅसीला कापू नये, नवे भोक पाडू नये. काढलेले पाटे, यू-बोल्ट, शॅकल भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी त्यांच्यावरचे ठसे आणि क्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत. त्यावरून कधी तो भाग परदेशातून आला होता की इथेच घडला होता, हे कळू शकते. जमल्यास ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ते तसेच जपून ठेवावेत. व्हिंटेज नोंदणीसाठी पुढे कधी गाडी पूर्ववत करायची वेळ आली तर दुसरीकडे ते मिळणार नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्याची जागा आता इमारतींची आहे, आणि तिथे प्रीमियर रोड एवढे नाव शिल्लक आहे.